न उच्चारलेला उन्हाळा

अकरावीच्या मानसशास्त्राचा पहिला तास. "मॅडम, समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का?" हा प्रश्न दरवर्षी येतोच. उत्तराऐवजी मी बारा शब्द सावकाश वाचते: कूलर, माठ, पन्हं, दुपट्टा, घाम, कैरी, वाळा, झळा, लू, टरबूज, गॉगल, दुपार. दोन मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि मग आठवतील ते शब्द कागदावर लिहायचे.

नागपूरच्या पोरांच्या कागदांवर एक आगंतुक हमखास सापडतो: उन्हाळा. तो मी वाचलेलाच नसतो. हे सांगितलं की वर्ग भांडायला उठतो. "बोलल्या ना जी तुम्ही, दुपट्ट्यानंतर!" म्हणजे जागासुद्धा पक्की!

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स डीझ यांनी १९५९ साली अशा याद्या वापरल्या. १९९५ मध्ये हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी त्या पुन्हा बाहेर काढल्या. त्यांच्या पहिल्या प्रयोगात न वाचलेला शब्द सुमारे ४० टक्के वेळा लिहिला गेला. असं का होतं? एक प्रचलित स्पष्टीकरण असं: 'कूलर' ऐकताच मनात 'उन्हाळा' थोडा जागा होतो, 'माठ' त्याला आणखी हलवतो. यादी संपेपर्यंत तो इतका टक्क जागा असतो की कानावर पडलेलं आणि नुसतं मनात आलेलं यांतला फरक करताना आपण चुकतो.

सुरुवातीला मी झोपेची प्रसिद्ध इंग्रजी यादी मराठीत आणायला गेले आणि फसले. तिच्यात डुलकीसाठीच चार-पाच शब्द! मराठीत डुलकी, पेंग झाली की पुढे झोपच येते, आणि नेमका तोच शब्द तर लपवायचा. शिवाय डीझ यांनाही सगळ्या याद्या सारख्या फसवत नाहीत असं दिसलं होतं; यादीतले शब्द लपवलेल्या शब्दाकडे किती जोरात ढकलतात, त्यावर खेळ अवलंबून. म्हणून आता आदल्या वर्षीच्या मुलांनाच विचारते, "वाळा म्हटलं की पहिलं काय आठवतं?" यादी त्यातूनच बनते.

खरा धडा पुढे असतो. मी तीन शब्द घेते आणि जो यादीत ऐकला असं वाटतं त्यावर हात वर करायला सांगते: माठ, उन्हाळा, सायकल. "सायकल कशाला?" कुणीतरी विचारतंच. मी म्हणते, तुम्हीच सांगा. पोरं नुसती अंदाजपंचे हात वर करत असती, तर सायकललाही तितकेच हात आले असते, हे मागच्या बाकावरून येईपर्यंत मी गप्प बसते. कधी पाच मिनिटं लागतात, कधी अख्खा तास.

पुराव्यासाठी हल्ली वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवते. ते ऐकवल्यावरही गेल्या वर्षी एकीनं दोनदा मागे करून ऐकायला लावलं.