स्कॉट्स आणि गॅलिक: यातली सेल्टिक कुठली, आणि कशावरून?

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचं १७८८ सालचं 'ऑल्ड लँग साइन' सर्रास सेल्टिक गीत म्हणून सांगितलं जातं. ते स्कॉटिश आहे, पण सेल्टिक नाही. त्याची भाषा स्कॉट्स. ती उत्तर इंग्लंडच्या जुन्या बोलीतून वाढलेली, इंग्रजीची सख्खी बहीण, म्हणजे जर्मॅनिक (इंग्रजी-जर्मनच्या कुळातली). स्कॉटलंडचीच दुसरी भाषा गॅलिक मात्र वेगळ्या, सेल्टिक कुळातली; आयरिश आणि मँक्स (आयल ऑफ मॅन बेटाची भाषा) तिच्या जवळच्या. वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन या तिच्या जरा लांबच्या नातलग.

फरक वाक्यात लगेच दिसतो. 'माझ्याकडे कुत्रा आहे' हे गॅलिकमध्ये 'हा कू अकम'. शब्दाला शब्द लावला तर 'आहे कुत्रा माझ्याकडे'. क्रियापद सुरुवातीला येतं, इंग्रजी 'हॅव'सारखं क्रियापदच नाही, आणि 'अकम' या एका शब्दात सर्वनाम आणि अव्यय एकजीव झालेले असतात. मराठी माणसाला 'माझ्याकडे'मुळे ही रचना इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. स्कॉट्समध्ये हेच 'आ हे अ डग'. इंग्रजी येणाऱ्याला ते न शिकवता कळतं.

दुसरी खूण आणखी पक्की. गॅलिकमध्ये शब्दाचा पहिला ध्वनी बदलतो: आई म्हणजे 'माहिर', पण माझी आई 'मो वाहिर'. शब्दकोशात नवशिक्यांची फसगत इथेच होते, कारण 'वाहिर' शोधायला 'माहिर'वर जावं लागतं. स्कॉट्समध्ये असं काही होत नाही.

शब्दसंग्रहावरून मात्र निकाल देऊ नये. 'लॉख' (सरोवर) आणि 'ग्लेन' (दरी) हे गॅलिकमधून स्कॉट्समध्ये आले. उसन्या शब्दांनी कूळ बदलत नाही. घशातला 'ख'ही पुरावा नव्हे. स्कॉट्समध्ये रात्रीला 'निख्ट' म्हणतात, आणि जर्मनमध्ये 'नाख्ट'. बॅगपाइपवरूनही भाषेचं कूळ ठरत नाही, ते तर युरोपभर वाजतात.

स्कॉट्सला सेल्टिक म्हणणं दोघींवर अन्याय करतं. २०११च्या जनगणनेत स्कॉट्स बोलणारे सुमारे १५ लाख होते, गॅलिक बोलणारे जेमतेम ५७ हजार. नाव मोठीला गेलं की धाकटी दिसेनाशी होते.

दोन्ही कुळांच्या खुणा पाहायच्या तर स्कॉटलंडमधल्या गावांची नावं तोडून पाहावीत. इन्व्हरनेसमधलं 'इन्व्हर' गॅलिक, अ‍ॅबरडीनमधलं 'अ‍ॅबर' वेल्शच्या शाखेतलं. दोन्हींचा अर्थ नदीचं मुख, दोन्ही सेल्टिक. एडिंबरामधला 'एडिन' सेल्टिक काळातला, शेवटचा 'बरा' जर्मॅनिक.