पाऱ्याच्या डोंगराखाली घर

कॅलिफोर्नियात सॅन होजे शहराच्या दक्षिण टोकाला, सांताक्रूझ डोंगररांगेच्या पायथ्याशी अल्माडेन व्हॅली नावाची वस्ती आहे. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात घर शोधणाऱ्या भारतीय कुटुंबांना, त्यांत मराठी कुटुंबांनाही, हा भाग आवडतो. मागच्या डोंगरात एके काळी पाऱ्याची खाण होती हे कळलं, की प्रश्न सुरू होतात. वाऱ्याबरोबर पारा घरात येतो का? मुलांना त्या टेकडीवर फिरायला न्यावं का? नळाचं पाणी प्यावं का? एवढं सगळं विचारणारा माणूस शेजारच्या धरणावर गळ टाकून बसायला मात्र कचरत नाही. पाणी स्वच्छ दिसतं, मासा ताजा असतो. काठावरच्या पाटीवर ‘इथले मासे खाऊ नका’ असं लिहिलेलं असतं, पण पाण्यात कचरा पडत असेल, असा तिचा अर्थ लावला जातो.

भीती जिथे हवी तिथे नाही आणि जिथे नको तिथे आहे. पारा किती आहे यापेक्षा तो कोणत्या रूपात आहे याला महत्त्व आहे, हे लक्षात आलं की हा घोळ सुटतो.

‘अल्माडेन’ या नावातच अरबी भाषेतली ‘खाण’ आहे. स्पेनमधल्या पाऱ्याच्या जगप्रसिद्ध खाणीवरून ते इथे आलं. इथल्या मूळनिवासी ओलोनी लोकांना डोंगरातला लाल दगड रंगासाठी आधीपासून माहीत होता. १८४५ मध्ये आंद्रेस कास्तिय्येरो या मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्याने तो पाऱ्याचा खनिज-दगड आहे हे ओळखलं. पुढे सोन्याची झुंबड उडाली आणि सोनं वेगळं करायला पारा लागत असल्याने ही खाण उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी पाऱ्याची खाण ठरली. पारा लोखंडी फ्लास्कमध्ये भरून विकला जाई. एका फ्लास्कमध्ये ७६ पौंड, म्हणजे सुमारे साडेचौतीस किलो पारा मावे, आणि तोही जेमतेम अडीच लिटरच्या जागेत. असे सुमारे ११ लाख फ्लास्क इथून बाहेर पडले. १९७० च्या दशकात खाण कायमची बंद झाली आणि डोंगर काउंटीचं उद्यान झाला.

तो लाल दगड म्हणजे आपला हिंगूळ, पारा आणि गंधक यांचं संयुग. वजनाने त्यात ८६ टक्के पारा असतो, तरीही अखंड हिंगूळ हातात घेतल्याने विषबाधा होत नाही. पारा आणि गंधक यांची पकड इतकी घट्ट असते की पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही, पोटातल्या आम्लातही फारसा नाही. नेहमीच्या तापमानाला त्यातून वाफही निघत नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे उद्यानाच्या पायवाटांवर चालायला हरकत नाही. घरी आल्यावर हात आणि बूट धुतले की पुरे.

उष्णतेने मात्र ही पकड सुटते. भट्टीत हिंगूळ भाजला की गंधक हवेतल्या प्राणवायूशी जुळून सल्फर डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि पाऱ्याची वाफ होते. ती थंड केली की चकचकीत पारा हाती येतो. खाणीत हेच केलं जाई. म्हणूनच टेकडीवरचे लाल दगड आणून अंगणातल्या शेकोटीभोवती रचणं किंवा बार्बेक्यूच्या खड्ड्यात घालणं हा खरा धोका आहे. गिळलेला द्रवरूप पारा बहुतांशी जसाच्या तसा बाहेर पडतो, पण श्वासातून आत गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा रक्तात उतरतो. पाऱ्याचं शिवलिंग घरात ठेवलं, त्यावरचं दूध तीर्थ म्हणून घेतलं की रोग जातात असा प्रचार करणाऱ्यांनी हा आकडा समजून घ्यावा. पारा देवघरात ठेवला म्हणून त्याचे गुणधर्म बदलत नाहीत.

भाजून उरलेला चुरा हे दुसरं प्रकरण आहे. लालसर-करडा, विटेच्या खडीसारखा हा चुरा भट्ट्यांजवळ आणि ओढ्याकाठी टाकला गेला, काही रस्त्यांवर भर म्हणूनही पसरला गेला. भट्टीत पारा कधीच पूर्ण निघत नसे. सुमारे ३४५ अंश सेल्सियसच्या वर लाल हिंगुळाची स्फटिकरचना बदलून तो काळा होतो. थंड झाल्यावर तो पुन्हा लाल व्हायला हवा, पण दगडातल्या अशुद्धींमुळे पुष्कळदा काळाच राहतो. क्ष-किरणांनी या चुऱ्याची तपासणी झाली तेव्हा काळ्या सल्फाइडबरोबर पाऱ्याची क्लोराइडंही सापडली, आणि ती हिंगुळापेक्षा कितीतरी सहज विरघळतात. म्हणजे मूळ दगडापेक्षा भाजलेला चुरा जास्त त्रासदायक आहे.

ज्यांचं अंगण ओढ्याकाठी आहे, जुन्या पुराचा गाळ जिथे साचला असेल किंवा बाहेरून आणलेली भर घातली असेल, त्यांनी माती तपासून घ्यावी. अंगणात पाच ते दहा ठिकाणी वरची १५ सेंटिमीटर माती घ्यावी, एकत्र कालवावी, काचेच्या बरणीत भरावी, बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत द्यावी. पाऱ्यासाठी नमुना २८ दिवसांच्या आत तपासला जायला हवा. निकालात ‘एकूण पारा’ मिळतो, रूप कळत नाही. त्यामुळे आकडा मोठा आला तर विरघळणारा भाग किती, याची वेगळी चाचणी मागावी. तोवर मेथी-कोथिंबीर बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यात लावावी. खणताना मातीत चंदेरी थेंब दिसलेच तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नये. झाडूने एका थेंबाचे शंभर होतात आणि व्हॅक्यूममध्ये त्याची वाफ होऊन ती घरभर पसरते. कडक कागदाने थेंब एकत्र करून ड्रॉपरने उचलावेत, झाकणाच्या बरणीत बंद करावेत आणि घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यावेत.

आता धरणांकडे वळू. अल्माडेन, ग्वादालूपे आणि कॅलेरो ही तिन्ही धरणं १९३५ मध्ये बांधली गेली. पावसाळा, म्हणजे तिथला हिवाळा, डोंगरावरचा चुरा ओढ्यांतून वाहून आणतो. धरणाच्या तळाशी जे घडतं, ते या गोष्टीतलं सर्वांत विलक्षण रसायन आहे.

एप्रिलनंतर तिथे पाऊस जवळजवळ थांबतो आणि ऊन तापतं. वरचं पाणी २५ अंशांवर जातं, तळाचं १२ अंशांच्या आसपास राहतं. लिटरमागे वजनाचा फरक जेमतेम अडीच ग्रॅम पडतो, पण एवढ्यावर पाण्याचे दोन थर होतात आणि वारा ते सहजी मिसळू शकत नाही. तळाला झाकण बसल्यासारखं होतं. वरून मेलेलं शेवाळ खाली पडत राहतं, जीवाणू ते खातात आणि विरघळलेला प्राणवायू संपवतात. मग ज्यांना प्राणवायू लागत नाही अशा जीवाणूंची पाळी येते. ते नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, अशी उतरंडच असते. प्रत्येक पायरीवर मिळणारी ऊर्जा कमी होत जाते.

लोह आणि सल्फेटच्या पायऱ्यांवर राबणाऱ्या काही जीवाणूंकडे एक अजब यंत्रणा आहे. गाळातून सुटलेला पारा पेशीत शिरला की ते त्याला एक मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, चिकटवतात. हे जीवांमुळे घडतं हे १९६० च्या दशकाअखेर कळलं होतं. कसं घडतं ते २०१३ मध्ये उलगडलं. एचजीसीए आणि एचजीसीबी ही दोन जनुकं त्यासाठी लागतात. पहिल्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ब-१२ जीवनसत्त्वासारखा, कोबाल्टचा अणू असलेला रेणू बसतो. तो कोबाल्ट मिथिल गट पाऱ्याच्या हवाली करतो. कोबाल्टला पुढच्या फेरीसाठी इलेक्ट्रॉन पुरवून तयार करण्याचं काम दुसऱ्या प्रथिनाचं. दोनांतलं कोणतंही एक जनुक काढून टाकलं की जीवाणू जगतो, पण मिथिलपारा बनवणं बंद होतं.

मिथिलपारा प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो. सिस्टीन या अमिनो आम्लाला जोडला की त्याचा आकार मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखा दिसतो, आणि मेंदूभोवतीचा पहारा त्याला अन्न समजून आत सोडतो. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ मध्ये उघडकीला आलेल्या विषबाधेमागे हाच मिथिलपारा होता. गर्भातल्या आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला तो सर्वांत घातक असतो.

पाण्यातून शेवाळात जाताना त्याचं प्रमाण सुमारे लाखपट होतं. पुढे शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव, ते खाणारे छोटे मासे, त्यांना खाणारा मोठा बास मासा, अशा प्रत्येक घासागणिक ते काही पटींनी वाढतं. हिशेब करून पाहा. समजा पाण्यात लिटरमागे १ नॅनोग्रॅम मिथिलपारा आहे आणि माशात किलोमागे १ मिलिग्रॅम. बाजारात विकायच्या माशासाठी अमेरिकेत हीच पातळी कारवाईची मानली जाते. तर पाव किलो माशात जेवढा पारा, तेवढा मिळवायला तुम्हाला अडीच लाख लिटर पाणी प्यावं लागेल. रोज तीन लिटर प्यायलात तरी त्यासाठी सत्तर वर्षांचे तीन जन्म लागतील. पिण्याच्या पाण्यातल्या पाऱ्याची तिथली मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम, म्हणजे २,००० नॅनोग्रॅम आहे. म्हणून पाणी नियमात बसतं आणि त्याच पाण्यातला मासा बसत नाही.

मासा धुऊन, तळून, चरबी काढून पारा जात नाही, कारण तो चरबीत नसून मांसाच्या प्रथिनांत गुंतलेला असतो. कार्प मासा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला म्हणून त्याला सवलत देऊ नये. कोथिंबिरीचा रस प्यायल्याने जड धातू निघून जातात हा समाजमाध्यमांवरचा दावा माणसांवरच्या भक्कम प्रयोगांनी सिद्ध झालेला नाही. खाणं थांबवलं की मिथिलपाऱ्याचं शरीरातलं प्रमाण साधारण पन्नास दिवसांत निम्मं होतं. दुकानातल्या समुद्री माशांनाही हीच साखळी लागू आहे. तारली आणि बांगडा साखळीत खाली, सुरमई आणि मुशी वर. गर्भवतीने वरचे टाळावेत.

तळाच्या प्राणवायूवर सगळं अवलंबून असेल तर तो पुरवता येईल का? तिथल्या धरणांत हा उपाय करून पाहिला गेला आहे. काठावर यंत्राने प्राणवायू वेगळा करायचा आणि तळावर पसरलेल्या सच्छिद्र नळ्यांतून बारीक बुडबुड्यांनी सोडायचा. साधी हवा सोडली तर पाचपट वायू लागतो, आणि एवढ्या बुडबुड्यांनी पाण्याचे थर ढवळले जाऊन तळाचा मिथिलपारा वरच्या शेवाळापर्यंत पोचतो. तळच्या पाण्यातलं मिथिलपाऱ्याचं प्रमाण या उपायाने घटलं, माशांतली घट मात्र सगळीकडे तेवढी स्पष्ट नाही. एक अडचण अशी की शेवाळ कमी झालं की तेवढाच पारा कमी पेशींत वाटला जातो, आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याला जास्त येतो.

या खोऱ्यातला पारा घटवण्यासाठी २००८ मध्ये ठरवलेलं लक्ष्य म्हणूनच पाण्याबरोबर माशांतही मोजलं जातं. ५ ते १५ सेंटिमीटरच्या छोट्या माशांत किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, मासेखाऊ पक्ष्यांना झेपेल एवढं. मोठ्या बासच्या मांसात अनेक वर्षांचा पारा साठलेला असतो, बोटाएवढ्या माशात मात्र गेल्या उन्हाळ्याचाच.