प्रोफॉर्मा म्हणजे बिल नव्हे

‘कागदाचं नाव काहीही असो, आकडा बरोबर असला की झालं,’ हा समज छोट्या व्यवसायांत फार जुना आहे. तो चुकीचा आहे. एकाच सौद्यात प्रत्येक कागदाचं काम वेगळं असतं.

कोटेशन म्हणजे भावाचा प्रस्ताव. त्यावर मुदत लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी जुन्याच भावाने माल मागतील. प्रोफॉर्मा म्हणजे विक्रीआधीचा, बिलासारखा दिसणारा कागद; तो ऑर्डर पक्की करताना किंवा आगाऊ रक्कम मागताना द्यायचा. त्याने येणं, म्हणजे ग्राहकाकडून वसूल करायची रक्कम, तयार होत नाही, म्हणून तो विक्रीच्या खात्यात चढवायचा नाही. येणं तयार होतं ते इनव्हॉइसने, म्हणजे पक्क्या बिलाने. पावती मात्र पैसे हातात आल्यावरच.

गोंधळ कुठे होतो? प्रोफॉर्मालाही इनव्हॉइसच्याच मालिकेतला क्रमांक दिला जातो. समजा प्रोफॉर्मा २७, त्याच मालाचं बिल ३१. दोन्ही नोंदले की विक्री दुप्पट दिसते. ऑर्डर रद्द झाली तर २७ ची जागा मोकळी राहते आणि हिशेब तपासणारा पहिलं बोट तिथेच ठेवतो. प्रोफॉर्माची मालिका वेगळी ठेवा, उदाहरणार्थ प्रो-०१.

दुसरी खोड म्हणजे गेलेलं बिल खोडून सुधारणं. ४० खुर्च्यांपैकी ३ परत आल्या, तर मूळ बिल तसंच राहू द्या आणि ३ खुर्च्यांची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम ग्राहकाच्या येण्यातून वजा केल्याचा कागद, काढा, तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक व तारीख घालून. ग्राहकाच्या वहीत ४० च नोंदलेल्या असतात. तुम्ही गुपचूप ३७ केल्या की दोन्ही खाती कधीच जुळत नाहीत.