21 दिवसांत सवय सुटते, हे खरं नाही

परभणी-लातूरकडं तंबाखू सोडायचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "एकवीस दिवस कळ काढा, सुटलीच समजा."

या आकड्याचं मूळ वेगळंच आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जननी 1960 साली लिहिलं. पुढं 'किमान' गळालं, आकडा राहिला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी 96 जणांचा अभ्यास केला. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला अंदाजे 254. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. हेही साध्या, चांगल्या सवयींचं. तंबाखूत तर व्यसन लावणारं निकोटीन आहे.

जेवण झालं की हात आपसूक खिशाकडं जातो, डाव्या तळहातावर अंगठा फिरू लागतो. तीच वेळ हेरून हातावर बडीशेप घ्यावी. बाविसाव्या दिवशी तलफ आली म्हणून "आपल्याच्यानं होत नाही" असं म्हणत माणूस पुन्हा पुडी फोडतो, तेव्हा जीव तुटतो. त्याला मुदतच चुकीची सांगितलेली असते. मदत हवी असेल तर पुडीवरच छापलेला 1800-11-2356 हा मोफत नंबर लावावा.