कडुलिंबाचे नॅनो तेल आणि पाल्याने घडवलेले चांदीचे नॅनोकण: एका नावाखालच्या दोन वस्तू

उन्हाळा तापू लागला की मार्कंडेय नदीकाठच्या मिरचीच्या शेतांत शेंड्याची पाने खाली वळतात, देठ लांबतात आणि नवी फूट जागच्या जागी थांबते. पान वर वळले तर दोष बहुधा फुलकिड्यांचा आणि खाली वळले तर पिवळ्या कोळ्याचा (माइट या अतिसूक्ष्म किडीचा), एवढे बेळगाव तालुक्यातले जुने बागायतदार पाहताक्षणी सांगतात. शेजारचा कन्नड शेतकरी या कोळ्याला नुसी म्हणतो. वांग्या-भेंडीवरचा लाल कोळी त्याहून मोठा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली की त्यावर तांबडे ठिपके पडतात आणि क्षणभराने ते चालू लागतात. कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. म्हणूनच पुष्कळ कीटकनाशके त्याला मारत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रकीटक आणि भक्षक कोळी तेवढे मरतात आणि फवारणीनंतर लाल कोळी दुपटीने वाढतो.

या अडचणीवर उपाय म्हणून अलीकडे ‘वनस्पतीजन्य नॅनो’ असे शब्द ऐकू येतात. मात्र या एका नावाखाली दोन निराळ्या वस्तू मोडतात आणि त्यांतला फरक शेतकऱ्याला कोणी नीट समजावून सांगत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

पहिली वस्तू म्हणजे कडुलिंबाच्या तेलाचे नॅनो पायस (इमल्शन), म्हणजे पाण्यात अतिबारीक थेंबांनी मिसळलेले तेल. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; माणसाचा केस साधारण 80,000 ते 1,00,000 नॅनोमीटर जाड असतो. साधे निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात ढवळले तर दुधासारखे पांढरे पाणी होते आणि पंप थोडा वेळ उभा राहिला की तेल वर तरंगते. तेच तेल योग्य पायसकारक (तेल-पाणी एकत्र धरणारे द्रव्य) घालून ध्वनिलहरींनी किंवा मोठ्या दाबाने फोडले, तर थेंब साधारण 20 ते 200 नॅनोमीटरचे होतात आणि थेंब पुरेसे बारीक झाले तर द्रावण जवळजवळ पारदर्शक दिसते. ते पानावर एकसारखे पसरते आणि लवकर वेगळे होत नाही. येथे मारक घटक झाडाचाच आहे: तेलाच्या थराने कोळी गुदमरतो आणि अझाडिरेक्टिन या निंबोळीतल्या द्रव्यामुळे त्याचे खाणे, कात टाकणे आणि अंडी घालणे बिघडते. अझाडिरेक्टिन उन्हात लवकर विघटित होते. त्यामुळे फवारणी संध्याकाळी करावी लागते आणि ती पुन्हा करावी लागते; पण याच कारणाने ते जमिनीत साचूनही राहत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे वनस्पतीच्या अर्काने बनवलेले धातूचे नॅनोकण. कडुलिंबाचा, तुळशीचा किंवा अन्य कोणता पाला पाण्यात उकळून गाळतात आणि तो अर्क सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराच्या द्रावणात मिसळतात. पाल्यातील पॉलिफेनॉलसारखी द्रव्ये चांदीच्या आयनांचे (विद्युतभारित अणूंचे) रूपांतर धातूच्या चांदीत करतात, फिकट पिवळे द्रावण डोळ्यांदेखत तपकिरी होते आणि त्यात बहुधा शंभर नॅनोमीटरहून लहान कण तयार होतात. झिंक ऑक्साइडचे कणही जस्ताच्या क्षारापासून पाल्याच्या अर्काने बनवता येतात. घातक रसायनांऐवजी पाला वापरला म्हणून या पद्धतीला हरित म्हणतात आणि ते योग्यच आहे. पण ते विशेषण कृतीचे आहे, बाटलीतल्या मालाचे नव्हे. आपल्याकडे गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाची मळी काढायला भेंडीचा चीक घालतात, म्हणून त्या गुळाला कोणी भेंडीचा गूळ म्हणत नाही. तसेच हे आहे: कणांभोवती अर्काचे पातळ आवरण उरते खरे, पण कोळ्यावर मुख्य परिणाम करतात ते चांदीचे किंवा जस्ताचे कण आणि त्यांतून सुटणारे आयन.

प्रयोगशाळेत पानाच्या चकत्यांवर कोळी सोडून केलेल्या चाचण्यांत अशा कणांनी कोळी मरतात असे दिसले आहे, आणि हे संशोधन पुढे जायलाच हवे, कारण लाल कोळ्याने जगभरात नव्वदहून अधिक रासायनिक घटकांना प्रतिकार दाखवला आहे. पण बंद ताटलीतील चकती आणि वाऱ्या-पावसातला मिरचीचा वाफा यांत अंतर आहे. शिवाय चांदी हा धातू असल्याने तिचे रूप बदलते, ती संपत नाही. पाण्यातल्या जिवांना आणि मातीतल्या जिवाणूंना तिचे आयन घातक ठरतात, आणि आपल्या शेतांचे पाणी शेवटी मार्कंडेय-घटप्रभेलाच मिळते.

बाटली हातात घेतल्यावर म्हणून ‘नॅनो’ या शब्दावर थांबू नये. 2021 मध्ये आलेल्या नॅनो युरियामुळे तो शब्द घरोघरी पोहोचला, पण ते खत आहे आणि त्याला 1985 च्या खत नियंत्रण आदेशाचे नियम लागतात. कोळीनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधाला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्याच्या लेबलवर क्रियाशील घटक व त्याचे प्रमाण छापावे लागते. तिथे अझाडिरेक्टिन आणि त्याचा आकडा असेल तर औषध झाडाचे आहे. चांदी किंवा जस्त असेल तर ते धातूचे आहे. काहीच नसेल तर बाटली परत करावी. लेबलवरचे कन्नड वाचता येत नसेल तर रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या स्थानिक केंद्रात) ते वाचून घ्यावे.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात सहसा सांगितली जात नाही: आपण कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक वर्षानुवर्षे मारत आलो आहोत. त्यावर दोन आठवड्यांच्या आत तेलाची फवारणी केली, मग ते तेल साधे असो वा नॅनो, तर पाने करपतात. त्यामुळे गंधक कोणत्या तारखेला मारले हे वहीत लिहून ठेवावे आणि नवे तेल आधी चार-पाच झाडांवरच मारून दोन दिवस पाहावे.