अल्पायुषी विविधरंजन कार्यक्रम (मुंबईतील दूरचित्रवाणी)

प्रहसने, नकला, गाणी, नाच आणि निवेदकाच्या कोट्या एकत्र गुंफलेला, मुख्यतः अनोळखी कलाकारांच्या जोरावर उभा केलेला आणि थोड्याच भागांत गुंडाळला गेलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम. वाहिन्यांची कार्यालये, गोरेगावची चित्रनगरी, मीरा रोडकडचे स्टुडिओ आणि नवे नट पुरवणारी हौशी रंगभूमी हे सगळे लोकलच्या टप्प्यात असल्याने असे मराठी-हिंदी कार्यक्रम मुंबईतच सर्वाधिक जन्मले आणि इथेच बंद पडले.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. एकच वाहिनी, संध्याकाळचे मोजके तास आणि स्पर्धक नाही, त्यामुळे नवख्या नटाला चुकायला वेळ मिळे. विनायक चासकर यांचा ‘गजरा’ हा छोट्या प्रहसनांचा कार्यक्रम याच हवेत वाढला आणि वर्षानुवर्षे टिकला. पुढे प्रायोजित कार्यक्रम आले आणि कार्यक्रम तेरा-तेरा भागांनी मोजण्याचा हिशेब रूढ झाला. १९९२ मध्ये झी टीव्ही, १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी अशा खासगी वाहिन्या आल्यावर प्रेक्षकाच्या हाती रिमोट आला आणि नवख्यांना मिळणारी सवलत संपली.

कलाकार येतात ते बहुधा तीन वाटांनी. पहिली महाविद्यालयीन एकांकिकांची: रुईया, रुपारेल, कीर्ती, साठ्ये यांसारख्या महाविद्यालयांतले संघ, आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटर) एकांकिका स्पर्धा, आणि प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री रंगणारी चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा. दुसरी कामगार रंगभूमीची. तिसरी ऑर्केस्ट्रा आणि गणेशोत्सवाच्या मांडवांतली. जॉनी लिव्हर धारावीतून याच वाटेने वर आले. या वाटा एकमेकींशी फारशा बोलत नाहीत. एकांकिकावाल्याला मिमिक्रीवाला उथळ वाटतो, आणि मिमिक्रीवाल्याला एकांकिकावाला लांबण लावणारा. कार्यक्रमात मात्र दोघांना एकाच मेकअप रूममध्ये बसवतात.

कार्यक्रम लवकर का संपतात याचे खापर साधारणपणे टीआरपीवर फोडले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. मांडवात किंवा ऑर्केस्ट्रात नकला करणाऱ्याकडे वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत केलेले मोजकेच आयटम असतात. प्रेक्षक रोज नवा, त्यामुळे डोंबिवलीत चाललेला आयटम चिपळूणमध्येही तितकाच चालतो. दूरचित्रवाणीवर तोच आयटम एका रात्रीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिलेला असतो. पुन्हा करता येत नाही. काही भागांतच शिदोरी संपते आणि मग लेखकांच्या चमूवर भार येतो. तो चमू आठवड्याला नवी स्किट पाडतो, आणि बऱ्याचदा एका दिवसात एकाहून अधिक भाग चित्रित होत असल्याने पाठांतरालाही उसंत नसते. एकांकिकेतल्या नटाची अडचण वेगळी. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज त्याने कमावलेला असतो. हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्यासमोर तो कर्कश वाटतो. हे उमजून सुधारायला काही आठवडे लागतात, आणि वाहिनीचा निर्णय नेमका त्याच आठवड्यांच्या आकड्यांवर होतो. समोर दैनंदिन मालिका असेल तर आणखीच कठीण, कारण मालिकेच्या प्रेक्षकाला उद्या काय होणार याची ओढ असते. स्किटला उद्या नसतो.

शेवट जवळ आल्याची लक्षणे ठरलेली आहेत. आधी चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी तारे पाहुणे म्हणून येऊ लागतात आणि नवख्यांच्या वाट्याची मिनिटे त्यांना जातात. मग वेळ बदलते. मग ‘पर्वाचा समारोप’ होतो. बंद पडलेल्या कार्यक्रमालाही पर्व म्हणण्याची वाहिन्यांची हौस दांडगी आहे.

ओळखीचे चेहरे घेतले म्हणजे कार्यक्रम टिकतो, असे मात्र नाही. २०१० मध्ये सुरू होऊन गाजलेल्या ‘फू बाई फू’चे २०२२ मधले नवे पर्व थोडक्यातच आटोपले. २०२४ मध्ये निलेश साबळे आणि भाऊ कदम यांच्यासारखी नावे असूनही ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ फार चालला नाही. फरक पडतो तो नंतर. नावाजलेला नट दुसऱ्या कामाला लागतो. अनोळखी नटाकडे दाखवायला तेवढ्या चार क्लिप उरतात. उलट नवे चेहरे टिकले तर ते नवे राहत नाहीत. २०१८ मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मुळे पवईच्या फिल्टरपाड्याचा गौरव मोरे घराघरांत पोहोचला. त्यामुळे अनोळखी कलाकारांचा कार्यक्रम मुळातच अल्पायुषी: पडला तर बंद होतो, चालला तर अनोळखी उरत नाही.

परदेशातही हेच दिसते. १९७५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर क्रीडा समालोचक हॉवर्ड कोसेल यांचा विविधरंजन कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या जानेवारीत बंदही पडला. त्यातला एक अपरिचित विनोदी नट, बिल मरे, १९७७ मध्ये प्रतिस्पर्धी एनबीसीच्या शनिवार रात्रीच्या कार्यक्रमात गेला आणि तिथे मोठा झाला. मुंबईत वाहिनी बदलणे याहून सोपे, कारण स्टुडिओ जवळ आणि निर्माते एकमेकांच्या ओळखीचे. दुसऱ्या वाहिनीवर ‘हसताय ना?’ करणारे निलेश साबळे स्वतः झी मराठीवरील ‘महाराष्ट्राचा सुपरस्टार’ या नवोदितांच्या स्पर्धेतून आले होते.

या कार्यक्रमांच्या नोंदी विरळ आहेत. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात बरेच काही थेट प्रक्षेपित होई, आणि जे ध्वनिचित्रमुद्रित झाले त्यातल्या अनेक टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. अलीकडच्या कार्यक्रमांची स्किट यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांनी सापडतात. बहुतेकदा मथळ्यात पाहुण्या ताऱ्याचे नाव असते. स्किट करणाऱ्याचे नाव खालच्या प्रतिक्रियांत कुणीतरी विचारलेले असते.