जुने मराठी पुस्तक विकिमीडिया कॉमन्सवर खुले करताना: पात्रता, कागदपत्रे, स्कॅनिंग

पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे असले तरी त्याचा स्वामित्वहक्क ग्रंथालयाकडे नसतो. म्हणून स्कॅनर सुरू करण्याआधी हक्क तपासा. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(एन) बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देते. ती सर्वांसाठी इंटरनेटवर टाकण्याची मुभा त्यात नाही.

लेखक वारल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे हक्क टिकतो. १९५० साली वारलेल्या लेखकाचे हयातीत छापलेले पुस्तक १ जानेवारी २०११ रोजी स्वामित्वहक्कातून मुक्त झाले. सहलेखक असतील तर शेवटी वारलेल्याचे वर्ष धरा. मरणोत्तर छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. अनुवाद असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक दोघांचीही मुदत संपायला हवी. सर्वाधिक फसगत नव्या आवृत्तीत होते: संहिता मुक्त असते, पण प्रस्तावना, टीपा किंवा चित्रे हयात माणसाची असतात. शक्यतो जुनी आवृत्तीच शोधा.

कॉमन्सला, म्हणजे विकिमीडियाच्या मुक्त फायलींच्या भांडाराला, अमेरिकेतील हक्काची मुदतही संपलेली लागते. लेखक १९४० पर्यंत वारले असतील आणि पुस्तक हयातीत छापलेले असेल, तर सहसा अडचण नसते. पण १९४० साली छापलेले आणि १९४५ मध्ये वारलेल्या लेखकाचे पुस्तक भारतात २००६ पासून मुक्त असूनही अमेरिकेत प्रकाशनानंतरची ९५ वर्षे, म्हणजे २०३५ अखेरपर्यंत, अडकलेले राहते. असे पुस्तक चढवले की काढून टाकले जाते.

मुक्त पुस्तकाला शुल्क नाही, परवानगीपत्रही नाही. शीर्षकपान, मुद्रक-प्रकाशकाचा तपशील असलेले पान आणि मृत्युवर्षाचा छापील आधार एवढे पुरते. हक्क शिल्लक असेल तर हक्कधारकाचे लेखी पत्र हवे. त्यात पुस्तकाचे नाव, आवृत्ती आणि ‘सीसी बाय-एसए ४.०’ हा परवाना (श्रेय देऊन आणि त्याच अटींवर कोणालाही वापरू देणारा) स्पष्ट लिहा. ‘विनामूल्य वाचनास हरकत नाही’ एवढे चालत नाही, कारण कॉमन्सवरील मजकूर व्यावसायिक वापरासाठीही खुला असावा लागतो. वारस अनेक असतील तर सर्वांच्या सह्या घ्या, आणि हक्क पूर्वीच प्रकाशकाला दिले होते का, हे करारपत्रात पाहा. पत्र विकिमीडियाच्या परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांकडे ई-मेलने जाते.

स्कॅन किमान ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), रंगीत. बारीक टाइप असेल तर ४०० ते ६००. कागद पातळ असून मागची अक्षरे उमटत असतील तर पानाखाली काळा कागद ठेवा. पुठ्ठा बांधणीचे पुस्तक जबरदस्तीने सपाट करू नका, कणा तुटतो. स्कॅनच्या मूळ प्रतिमा टिफ या फाइल-प्रकारात जपा, चढवायला पीडीएफ करा. माहितीत लेखक, प्रकाशक, वर्ष भरून भारत आणि अमेरिका दोन्हींचे परवाना-साचे (हक्काची स्थिती सांगणाऱ्या तयार पाट्या) लावा.

चढवण्याआधी पाने मोजा, कोरी पानेही धरून. मराठी विकिस्रोतावर (पुस्तके मजकूररूपात ठेवणाऱ्या विकिमीडियाच्या प्रकल्पावर) मुद्रितशोधन सुरू झाल्यावर सुटलेले एक पान मध्ये घातले, तर त्यापुढचे प्रत्येक तपासलेले पान एकेक घर पुढे सरकवावे लागते.